संधिगत तरुणास्थी : सूक्ष्मरचना आणि आपला शब्द

जत तालुका अवर्षणप्रवण. येथील माणूस आणि येथील जनावर या दोघांचाही चरितार्थ पायांवर चालतो. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेने निघतात. धनगर बांधव मेंढ्यांमागे कोसच्या कोस तुडवितात. यल्लम्मादेवीच्या यात्रेत खिलार बैल खरेदी करणारा शेतकरी प्रथम त्याचे गुडघे व खूर चाचपून पाहतो. अशा मुलखात चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्यासमोर गुडघेदुखीचा रुग्ण रोज आला नाही तरच नवल.

हा रुग्ण आता निदानही बरोबर घेऊनच येतो. ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’, ‘गादी झिजलीया’ असे तो सांगतो आणि शेवटी एकच प्रश्न विचारतो, ‘भरून येईल का?’ या प्रश्नाला आपण वैद्य मंडळी काय उत्तर देतो आणि काय द्यावयास हवे, याविषयी आमचे अनुभव व मत वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषधनिर्माते मित्रांपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी आमच्याच एका चुकीची कबुली देतो. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या पूर्व भागातील एक वृद्ध मेंढपाळ आमच्याकडे दोन्ही गुडघ्यांच्या संधिगत वातासाठी आले. आम्ही त्यांना वर्षभराचा चिकित्साक्रम सांगितला आणि उत्साहाच्या भरात ‘मामा, गादी भरून येईल’ असा शब्द देऊन बसलो. औषधाच्या खर्चासाठी त्यांनी दोन माडग्याळी मेंढ्या विकल्या. वर्षाअखेर त्यांची वेदना निश्चितच कमी झाली होती, चालणे सुधारले होते. तथापि त्यांनी स्वखर्चाने दुसऱ्यांदा क्ष-किरण चित्र काढून आणले आणि दोन्ही चित्रे आमच्या मेजावर शेजारी शेजारी ठेवली. सांध्यातील अंतर तसूभरही वाढलेले नव्हते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “डाक्टर, मेंढीचा पाय मोडला तर आम्ही कामट्या लावून बांधतो, हाड जुळतंय. पर सांध्याला मार बसला तर ती मेंढी जन्मभर कळपामागंच राहती. हे आमाला ठावं हुतं. तुमी म्हणला म्हणून इस्वास ठेवला.”

शाळेची पायरी न चढलेल्या त्या वृद्धाला जे ठाऊक होते, ते बी.ए.एम.एस. पदवीधर असलेल्या आम्हांस ठाऊक नव्हते असे नव्हे. आम्ही ते बोललो नाही. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा पुन्हा अभ्यास आरंभिला.

ग्रंथांत काय आहे?

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात अस्थींचे पाच प्रकार सांगितले : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. तरुण अस्थी नमतात, मोडत नाहीत, हेही त्यांनी नोंदविले. त्यांची स्थाने मात्र नासिका, कर्ण, ग्रीवा आणि अक्षिकोश अशी दिली आहेत. जानुसंधीत नलकास्थीच्या टोकावर जो चकचकीत थर असतो, त्याची गणना तेथे स्वतंत्रपणे नाही. वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवलेले शव कुंचल्याने हळूहळू घासून पाहण्याची जी पद्धती त्यांनी दिली, त्या पद्धतीत अस्थीला घट्ट चिकटलेला दोन-तीन मिलिमीटरचा थर वेगळा दिसणे कठीणच होते. यात न्यूनत्व काहीच नाही. उलट, दोनशे दहा संधींची गणना करून, त्यांचे आठ आकारप्रकार सांगून, गुडघ्याला कोरसंधीत बसविणारा हा शारीरज्ञ त्यापुढे एक मोठी गोष्ट सांगून जातो. चौथी कला ही श्लेष्मधरा. ती सर्व संधींत असते आणि वंगण दिलेल्या आसावर चाक जसे सुखाने फिरते, तसे श्लेष्म्याने युक्त संधी चालतात. आजचे सायनोव्हियल आवरण व त्यातील द्रव यांचे कार्य सांगावयास याहून नेमका दृष्टांत आम्हांस तरी आढळला नाही.

चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सेत संधिगत वाताचे वर्णन करताना वाऱ्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखा स्पर्श, शोथ, आणि प्रसारण-आकुंचनात वेदना ही लक्षणे दिली. चिकित्सालयात ती आजही हाताला लागतात.

येथे परिभाषेविषयी एक सूचना करावीशी वाटते. कित्येक मराठी लेखांत सांध्यातील या थराला ‘कूर्चा’ म्हटले जाते. परंतु सुश्रुताच्या शारीरात कूर्च ही हात, पाय, ग्रीवा व मेढ्र येथील सहा स्वतंत्र रचनांची संज्ञा आहे. संज्ञासंकर टाळण्यासाठी आम्ही येथे ‘संधिगत तरुणास्थी’ हा शब्द योजिला आहे. शालेय पुस्तकांतील ‘कास्थी’ ती हीच.

सूक्ष्मदर्शकाखाली

या तरुणास्थीचा उभा छेद रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर प्रथम नजरेत भरते ती तिची रिक्तता. पेशी अगदी थोड्या. माणसाच्या प्रौढ संधिगत तरुणास्थीत पेशींनी व्यापलेली जागा सुमारे दोन टक्के एवढीच असते; उरलेला सर्व भाग पेशींनी निर्माण केलेल्या आधारद्रव्याचा. एकही रक्तवाहिनी नाही, लसवाहिनी नाही, चेतातंतू नाही. वजनाच्या सुमारे ६५ ते ८० टक्के पाणीच असते.

या थराचे वरून खाली चार पट्टे पडतात. सर्वांत वरच्या पट्ट्यात पेशी चपट्या आणि पृष्ठभागाला समांतर, कोलॅजनचे तंतूही तसेच आडवे व घट्ट विणलेले असतात. दुसऱ्यात पेशी गोलसर व विखुरलेल्या, तंतू तिरपे. तिसऱ्या खोल पट्ट्यात पेशी एकावर एक रचलेल्या माळेप्रमाणे उभ्या स्तंभात, तंतूही उभे. त्याखाली एक नागमोडी रेषा दिसते. तिच्यापलीकडे चौथा, चुना भरलेल्या तरुणास्थीचा पट्टा असून तो अस्थीत खिळल्यासारखा बसतो. जर्मन शारीरज्ञ बेनिंगहॉफ यांनी १९२५ मध्ये दाखवून दिले की, हे तंतू अस्थीपासून उभे निघून पृष्ठभागाजवळ कमानीसारखे वाकतात. मंदिराच्या मंडपातील कमानी डोळ्यांसमोर आणल्या म्हणजे ही रचना ध्यानी येते.

या कमानींच्या जाळ्यात ॲग्रेकन नावाचे प्रचंड रेणू अडकलेले असतात. त्यांच्यावरील ऋण विद्युतभारामुळे ते पाणी खेचून घेतात व फुगू पाहतात. कोलॅजनचे जाळे त्यांना फुगू देत नाही. या ताणातून तरुणास्थीला भार पेलण्याचे बळ येते. भिजलेल्या घोंगड्यावर पाय दिला असता पाणी बाहेर येते आणि पाय उचलताच ते पुन्हा आत शिरते, तसाच व्यवहार येथे पावलागणिक चालतो. रक्तवाहिनी नसलेल्या या धातूचे पोषण संधिगत द्रवातून झिरपणाऱ्या अंशांवर होते आणि त्या झिरपण्यास हालचालीचे साहाय्य लागते. ‘गुडघा दुखतो, तर झोपून राहा’ हा सरसकट सल्ला किती अपायकारक आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

माणूस आणि इतर सस्तन प्राणी

मटणाच्या दुकानातून बोकडाचा गुडघा आणून तो उघडून पाहावा, अशी आमची प्रत्येक तरुण वैद्यास विनंती आहे. निळसर पांढरी झाक, काचेसारखा गुळगुळीतपणा आणि नखाने दाबले असता जाणवणारी लवचिकता कोणत्याही चित्रात येत नाही. मात्र बोकड बहुधा कोवळ्या वयाचा असतो. त्याची तरुणास्थी अद्याप अस्थीच्या वाढीचेही काम करीत असते आणि वर उल्लेखिलेली नागमोडी रेषा त्यात पूर्णपणे उमटलेली नसते, हे ध्यानात ठेवावे.

मूळ आराखडा उंदरापासून हत्तीपर्यंत एकच आहे. प्रमाण मात्र बदलते. माणसाच्या गुडघ्यात मांडीच्या हाडाच्या टोकावर हा थर साधारण दोन-अडीच मिलिमीटर, घोड्यात पावणेदोनच्या आसपास, मेंढीत अर्ध्या मिलिमीटरजवळ, सशात त्याहूनही कमी आणि उंदरात तर मिलिमीटरचा अल्पसा अंश. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८ सस्तन प्राण्यांची तुलना करण्यात आली. शरीराचे वजन वाढते तशी जाडी वाढते, पण त्या प्रमाणात नव्हे, असे त्यातून दिसले. हत्ती माणसाच्या कितीतरी पट जड असला, तरी त्याची तरुणास्थी तितक्या पट जाड नाही.

याचे मर्म स्टॉकवेल यांच्या १९७१ च्या संशोधनात सापडते. त्यांनी उंदीर, मांजर, कुत्रा, मेंढी, गाय, माणूस अशा प्राण्यांच्या तरुणास्थीतील पेशी मोजल्या. थर जितका पातळ, तितक्या पेशी दाट. आणि पृष्ठभागाच्या एक चौरस मिलिमीटरखाली असलेल्या पेशींची एकूण संख्या मात्र या भिन्न प्राण्यांत जवळपास सारखीच निघाली. वरून झिरपणारे पोषण जेवढ्या पेशींना पुरेल, तेवढ्याच पेशी तेथे नांदतात, असाच याचा अर्थ लावता येतो. माणसाची तरुणास्थी जाड. म्हणून तिच्यात पेशी विरळ. दुरुस्तीला हात थोडे आणि घर मोठे, अशी तिची अवस्था आहे.

हस्त्यायुर्वेद आणि शालिहोत्र निर्माण करणाऱ्या परंपरेला जातिभेदाने शरीरभेद होतो हे सांगण्याची आवश्यकता नसावी. पालकाप्यांचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्येच छापून उपलब्ध केला. तरीही आज आपल्याच क्षेत्रातील माहितीपत्रकांत उंदरावरील प्रयोगाचे छायाचित्र देऊन खाली ‘झीज भरून काढते’ असे छापले जाते. उंदराच्या तरुणास्थीत काही मोजकेच पेशीस्तर असतात. त्याच्या अस्थींच्या वाढीच्या चकत्या आयुष्याचा बराच काळ पूर्णपणे बुजत नाहीत. सशातही छोटी इजा माणसापेक्षा बरीच अधिक भरून येते. तेथे जे दिसले ते साठीच्या स्त्रीच्या गुडघ्यात घडेल असे म्हणणे शास्त्रास धरून नाही.

भरून का येत नाही?

लंडनचे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच रॉयल सोसायटीपुढे सांगितले होते की, नष्ट झालेली तरुणास्थी पुन्हा प्राप्त होत नाही. यास आधुनिक पुरावा २०१६ मध्ये मिळाला. १९५५ ते १९६३ या काळातील अण्वस्त्रचाचण्यांमुळे वातावरणात किरणोत्सारी कार्बन वाढला होता. त्याच्या खुणेवरून कोपनहेगन येथील संशोधकांनी मानवी गुडघ्यातील कोलॅजनचे वय काढले. ते कोलॅजन तारुण्यापर्यंतच घडलेले होते. त्यानंतर त्यात नवीन भर जवळजवळ नव्हती, निरोगी सांध्यात नाही आणि रुग्ण सांध्यातही नाही. ॲग्रेकन काही अंशी नवा होतो. विणलेले जाळे मात्र जन्मात एकदाच मिळते. इजा खाली अस्थीपर्यंत गेली, तर रक्त येते व खड्डा भरतो. परंतु तो तंतुमय, हलक्या प्रतीच्या ऊतीने. पेशी शरीराबाहेर वाढवून रोपण करण्याची शस्त्रक्रिया १९९४ मध्ये स्वीडनमधून जाहीर झाली. तीही मर्यादित खड्ड्यांसाठी, सर्वत्र झिजलेल्या सांध्यासाठी नव्हे.

येथे एक तर्कदोष आपल्या हातून वारंवार घडतो. रुग्णाची वेदना कमी झाली, म्हणजे तरुणास्थी भरली, असे आपण गृहीत धरतो. ज्या धातूत चेतातंतूच नाही, तो दुखणार कसा? वेदना उठते ती श्लेष्मधरा कलेच्या शोथातून, तरुणास्थीखालच्या अस्थीतून, स्नायू व कंडरांतून. स्नेहन, स्वेदन, लेप, निर्गुंडी, रास्ना, गुग्गुळकल्प, तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर-घृत बस्ती यांचे कार्य याच ठिकाणी होते आणि ते मोलाचे आहे. त्यासाठी तरुणास्थी उगवल्याचा दावा करण्याची गरजच नाही.

सामान्य-सिद्धांत आणि बाजार

कोणी म्हणेल, चरकाचार्यांनी शारीरस्थानात मांसाने मांस, रक्ताने रक्त आणि तरुणास्थीने अस्थी वाढते असे सांगितलेच आहे. पायांचा रस्सा पिणारे आणि बैलाच्या श्वासनलिकेपासून काढलेले काँड्रॉइटिन विकणारे, दोघेही नकळत याच तत्त्वाचा आश्रय घेतात. आमचे नम्र उत्तर असे की, आचार्यांनी तेथे तरुणास्थी हे अस्थिपोषणाचे द्रव्य म्हणून सांगितले आहे. जीर्ण सांध्यातील थर पुन्हा उगवेल असे अभिवचन त्यात नाही. शिवाय अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ग्लुकोसामाइन व काँड्रॉइटिन यांनी एकूण रुग्णांत निष्क्रिय गोळीपेक्षा लक्षणीय अधिक वेदनाशमन केले नाही. केवळ मध्यम ते तीव्र वेदनेच्या छोट्या गटात दोन्हींच्या मिश्रणाचा लाभ दिसला. रस्सा अग्निबल पाहून पथ्यकर अन्न म्हणून अवश्य द्यावा. ‘गादीचे औषध’ म्हणून नव्हे. तीच गोष्ट आमच्या बांधावरील कांडवेलीची. भग्नात तिचा उपयोग परंपरेने होत आला. पण भग्न अस्थीचे आणि संधिगत तरुणास्थीचे शास्त्र निराळे.

याउलट आपल्या बळाची साक्ष घरातच आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली, तेव्हा सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे-स्नायूंच्या वेदना आढळल्या. ग्रामीण महाराष्ट्राचे दुखणे किती मोठे आहे, याचा तो पहिला पद्धतशीर आरसा. याच पुण्याच्या केंद्राने नेतृत्व केलेल्या, ४४० रुग्णांच्या व २४ आठवड्यांच्या चाचणीचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शुंठी, गुडूची, शल्लकी आदींचे कल्प गुडघ्याच्या वेदनेत ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. त्याच अहवालात काही रुग्णांत यकृताच्या तपासणीतील अंक लक्षणांवाचून वाढल्याचेही प्रांजळपणे नोंदविले आहे. दावा वेदना व कार्यक्षमतेचा, आणि दोषही उघड. आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा अशा लिखाणाने वाढते.

औषधालय-मालकांस दोन शब्द

एक अनुभव सांगणे कर्तव्य वाटते. एका फिरत्या विक्रेत्याकडून आलेले ‘सांधेदुखीचे चूर्ण’ आम्ही पूर्वी काही रुग्णांना दिले. तीन दिवसांत उतार पडे. सहाव्या-सातव्या महिन्यात एका भगिनीचा चेहरा गोल सुजला, रक्तशर्करा वाढली. चूर्ण बंद करताच तिला उठणे अशक्य झाले. चूर्णात स्टेरॉइड असावे हे कळावयास आम्हांस इतका काळ लागला, याची आजही लाज वाटते. ‘भरून येईल’ हे वचन एकदा दिले, की लवकर गुण दाखविण्याची निकड उत्पन्न होते आणि त्या निकडीतून अशी भेसळ जन्मते. खोटा शब्द आणि खोटे चूर्ण ही एकाच मुळाची दोन खोडे आहेत.

१९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या परिशिष्टात ऱ्हुमॅटिझमचाही समावेश आहे, हे निर्मात्यांनी विसरू नये. परंतु कायद्याचा धाक हे खरे कारण नसावे. गुडघेदुखीचा ग्रामीण रुग्ण औषधासाठी बहुधा काहीतरी विकून येतो, एवढे स्मरण पुरेसे आहे.

म्हणून आमच्या सूचना थोडक्यात मांडतो. वेष्टनावर व पत्रकावर ‘झीज भरते’, ‘वंगण तयार होते’ ही वाक्ये कोणीही छापू नयेत. ‘वेदना व जखडलेपणात उपयुक्त’ एवढेच लिहावे. प्रत्येक वैद्याने प्रथम भेटीत रुग्णाची वेदना, सलग चालता येणारे अंतर, मांडी घालणे व जिना चढणे यांची नोंद करावी व दर तीन महिन्यांनी तीच पडताळावी. दीर्घकाळ गुग्गुळकल्प देताना यकृताची तपासणी करून घ्यावी. स्थूल रुग्णास सांगावे की, एक किलो वजन उतरले तर चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हा चिकित्सेचा उपचारापुरता भाग न मानता तिचे अंग मानावे. आणि जेथे सांधा पूर्ण झिजला आहे, तेथे शल्यचिकित्सकाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये; तो सल्ला सुश्रुताच्या वारसांनीच द्यावयास हवा.

आता ‘भरून येईल का?’ असे कोणी विचारले, तर आम्ही सांगतो, “गेलेलं येत नाही. राहिलंय ते जपू या, दुखणं कमी करू या, चालतं ठेवू या.” आरंभी वाटले होते की, हे ऐकून रुग्ण दुसऱ्या दारी जातील. काही गेलेही. पण ते वृद्ध मेंढपाळ अजून येतात. औषध पूर्वीपेक्षा थोडे, तेल घरचे, व्यायाम नेमाने. मागील खेपेस त्यांनी नातवालाही बरोबर आणले होते. त्याला खोकला झाला होता. जाताना नातवाला म्हणाले, “ह्ये डाक्टर इचारलं तर खरं सांगत्यात.”

आमच्या भिंतीवरील पदवीच्या प्रमाणपत्रापेक्षा हे प्रमाणपत्र आम्हांस मोठे वाटते. ते सर्वांस लाभो, एवढीच प्रार्थना.